अर्ध्या किलोचं वजन

सुलोचना गावस बाईंचे गुडघे पावसाळ्यात जास्त दुखत, आणि शाळा नेमकी चढणीवर होती. तुयेच्या तिठ्यावर बसमधून उतरायचं, छत्री उघडायची, कारखान्यांच्या कुंपणाच्या कडेकडेने चालत जायचं आणि मग ती चढण. पूर्वी त्या ती बोलता बोलता चढून जात. आता मध्येच एका काजूच्या झाडाला हात टेकून थांबावं लागे. त्याच वेळेला रात्रपाळी सुटलेल्या बायका समोरून उतरत येत, डोळे तांबारलेले, हातात रिकामे डबे. एखादी नुसती मान हलवी. बोलायचं त्राण दोन्हीकडे नसे.

बाईंचं माहेर डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाचं. वडिलांची थोडी भातशेती, डोंगरावर थोडी काजूची झाडं. गोवा घटकराज्य झालं त्याच पावसाळ्यात त्या सरकारी मराठी शाळेत लागल्या. कोंकणी की मराठी यावरून तेव्हा घराघरात वाद चाललेले. सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचा चहा घेत नव्हते. सुलोचनाबाईंना त्या वादात कधी बाजू घेता आली नाही. घरात एक बोलायच्या, फळ्यावर दुसरी लिहायच्या, आणि दोन्ही आपल्याच मानायच्या. पुढे लग्न होऊन पेडण्यात आल्या. नवरा शिवदास बसवर ड्रायव्हर होता, तोही आता निवृत्त होऊन घरी बसला होता. मुलगी डिचोलीला दिलेली.

"सोडून दी गे आता ती शाळा," शिवदास रोज सकाळी म्हणायचा. "पाय बघ तुझे. हंडे जाले हत."

"बघूया," बाई म्हणायच्या आणि चपला घालायच्या.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. एके काळी वाड्यावरची सगळी मुलं इथे यायची. आता सकाळी वाड्यावर पिवळी व्हॅन येई आणि ती मुलं टाय लावून इंग्रजी शाळेत जात. इथे उरली ती कारखान्यांत आणि बांधकामावर कामाला आलेल्या माणसांची मुलं. कोणी कोल्हापूरकडची, कोणी बेळगावची. ती नसती तर शाळेला कधीच कुलूप लागलं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. ही मुलं जूनमध्ये येत आणि बापाचं काम संपलं की मध्येच नाहीशी होत, हेही ठाऊक होतं. दुसरे शिक्षक प्रमोद मास्तर. त्यांना सरकारने मतदार याद्यांच्या कामाला जुंपलेलं, म्हणून चारही वर्ग बहुतेक दिवस बाईंच्याच गळ्यात.

त्या वर्षी चतुर्थीच्या आधी तिसरीचा वजनाचा धडा आला. खात्याने दिलेला प्लास्टिकचा तराजू पहिल्याच वर्षी दांडीत मोडला होता. इतकी वर्षं बाई दोन करवंट्या आणि काथ्याची दोरी घेऊन वेळ भागवत आल्या होत्या. यंदा त्यांना करवंट्या घासत बसायचा कंटाळा आला. तिठ्यावर महादेवचं पोसरं होतं, किराण्याचं लहानसं दुकान. त्याने इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून जुनी लोखंडी तागडी मागच्या खोलीत धूळ खात पडली होती.

"आठ दिवस देशील काय रे?" बाईंनी विचारलं.

"व्हर गे बाये, कायमची व्हर. हय गंजान पडली आसा," महादेव म्हणाला. त्याने स्कूटरवर घालून ती चढणीच्या पायथ्यापर्यंत आणून दिली. तिथून मुलांनी ती वर नेली. एकाने दांडी धरली, दोघांनी पारडी, आणि बाकीच्यांनी एकेक वजन छातीशी धरून. एवढ्या चढणीत कोणी कुरकुरलं नाही. बाई मागून येत होत्या.

दांडी व्हरांड्याच्या वाशाला टांगली. बाईंनी आधी पारडी रिकामी ठेवून दोन्ही सारखी आहेत ते दाखवलं. मग एका पारड्यात थर्माकोलचा मोठा ठोकळा ठेवला. असे ठोकळे कारखान्यांच्या मागे ढिगाने पडत. दुसऱ्यासाठी सागर नावाच्या मुलाने बापाच्या वर्कशॉपमधून एक नटबोल्ट आणला होता, मुठीत मावेल एवढा.

"सांगा, खाली काय जाईल?"

"थर्माकोल!" सगळे ओरडले.

नटबोल्ट धाडकन खाली गेला. मुलांनी आ वासला, मग हसू फुटलं. बाईंनाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत हे एक बदललं नव्हतं, मोठं ते जड असंच दर वर्षीची मुलं सांगत.

"मग हळू काय?" बाईंनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग सतीश नावाचा मुलगा अगदी कुजबुजत म्हणाला, "थर्माकोल, बाई." आणि बाकीचेही तसेच कुजबुजले, "थर्माकोल, थर्माकोल."

क्षणभर बाईंना कळेना. मग लक्षात आलं. इकडे वजनाने हलकं ते 'हळू'. पूर्वीची वाड्यावरची मुलं पुस्तकातलं 'हलकं' विसरून 'हळू' लिहायची आणि बाई तांबड्या शाईने ते खोडायच्या. आज दमल्या तोंडातून तोच शब्द निघाला, आणि या मुलांना वाटलं बाई हळू बोला म्हणतायत.

"हलकं रे, हलकं. मोठ्याने बोला," बाई म्हणाल्या.

मागे बसलेल्या राणीने हात वर केला. राणी केरबा पाटील, बेळगावकडची. बारीक अंगाची, केसांना कायम दोन घट्ट वेण्या. बाप बांधकामावर, आई अनुसया कारखान्यात पॅकिंगला. पोर फारसं बोलत नसे.

"बाई, दप्तरात वजन ठेवलं तर दप्तर जड होतं का वजनच जड असतं?"

"दोन्ही मिळून जड होतात. घालून बघ."

राणीने आपलं दप्तर पारड्यात ठेवलं, समतोल केला, मग त्यात अर्ध्या किलोचं वजन टाकलं. पारडं खाली गेलं. "बाहेरून कळत नाही," ती म्हणाली. बाईंनी "शाब्बास" म्हटलं आणि पहिलीकडे वळल्या, कारण तिथे दोघांची पाटीवरून मारामारी लागली होती.

चार दिवस तागडी टांगलेली राहिली. मुलांनी डस्टर, चपला, तवशी-काकड्या, शाळेच्या जेवणातल्या पावभाजीचा पाव, जे सापडेल ते जोखलं. पाचव्या दिवशी बाई वजनं पेटीत भरायला बसल्या तर अर्ध्या किलोचं वजन नव्हतं.

आधी त्यांनी सावकाश विचारलं. मग दप्तरं उलटी करायला लावली. दुसऱ्याची वस्तू, महादेवाला काय तोंड दाखवू, असं काहीबाही बोलत गेल्या आणि बोलता बोलता आवाज चढला. एवढं ओरडायचं काही कारण नाही हे त्यांचं त्यांना कळत होतं. "चोर आहात सगळे!" हे शब्दही निघून गेले. मुलं खाली बघत उभी राहिली. सगळ्यात लहान असलेली रडू लागली. मग बाई खुर्चीत बसल्या आणि त्या दिवशी त्यांनी पुढे काही शिकवलं नाही.

त्याच आठवड्यात आधीच कळवलेली आरोग्य तपासणी आली. परिचारिका विमला वजनकाटा आणि उंचीची पट्टी घेऊन आली. ती मूळची डिचोलीची, म्हणून बाईंशी जरा जास्त बोलायची.

"कशी आसा गे तू? तोंड सुकलां तुझां."

"चलता. आटप बेगीन, माका दुपारी फळ्यार लिवूचां आसा," बाई म्हणाल्या.

मुलं ओळीने काट्यावर चढत होती. राणी चढली तेव्हा विमलाने भुवया उंचावल्या. "अगो, वा! गेल्या वर्षी किती कमी होतीस. थोडी तरी भरलीस यंदा." राणी हसली. बाईंनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ती हलकेच खाली उतरली, पण दुसरा पाय जमिनीला टेकला तसं फ्रॉकच्या आत काहीतरी सुटलं आणि लोखंड फरशीवर ठण्णकन आपटलं. हातरुमालाच्या गाठीत बांधलेलं अर्ध्या किलोचं वजन. कमरेला दोरी, दोरीला रुमाल.

सगळी शाळा ओरडली, "राणी चोर! राणी चोर!"

बाई उठल्या ते थेट तिच्यापाशी गेल्या. दंडाला धरून तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं. "माझ्याशी खोटं? दप्तर दाखवलंस ना मला? मग हे कुठून आलं?"

बाईंनी दंड आणखी आवळला तेव्हा त्यांना जाणवलं, तिचा दंड आपल्या मुठीत पुरा मावतोय. बोटं पलीकडे एकमेकांना लागली. त्यांनी हात सोडला.

"चोरलं नाही बाई," राणी म्हणाली. "तपासणी झाली की पेटीत ठेवणार होते."

"पण कशाला?"

"वजन कमी भरलं की आईला बोलावतात."

एवढंच. विमलाने तिला पुन्हा काट्यावर चढवलं. खरं वजन आलं ते गेल्या वर्षीच्या जवळपासच होतं, आणि तिच्या वयाच्या मुलीला ते फारच कमी होतं. "हिला आरोग्य केंद्रात आणावंच लागेल," विमला हळू आवाजात म्हणाली. "तू तिच्या आवयक सांग."

संध्याकाळी बाई तिठ्याकडे उतरायच्या ऐवजी कारखान्यांच्या मागच्या खोल्यांकडे वळल्या. मनातून त्या चिडल्या होत्या. कोणावर ते मात्र नीट सांगता आलं नसतं. पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची ओळ, समोर एकच नळ, दोरीवर निथळणारे कपडे. अनुसया दारात बसून तांदूळ निवडत होती. बाईंना बघून ती ताडकन उठली आणि पदर सावरून तिने एक बादली उपडी घालून पुढे केली. बाई तिच्यावर बसल्या.

"काय केलं व्हय हिनं?" अनुसयाने विचारलं. राणी आईच्या मागे भिंतीला चिकटली होती.

बाईंनी सांगितलं. अनुसया ऐकत राहिली, सूप हातात तसंच.

"बाई, तिला मारू नका," शेवटी ती म्हणाली. "गेल्या साली हिचं वजन कमी भरलं म्हणून शाळेतनं बोलवणं आलं. मी तवा नवीनच लागलेली. गेले दवाखान्यात, समदा दिस रांगेत गेला. दुसऱ्या दिशी गेटावर गेले तर ठेकेदार म्हणतो, तुझ्या जागी दुसरी घेतली. लई दिस घरात बसले बघा. घरात रोज भांडणं. हे म्हणायचे, कशाला गेलीस. मी म्हणायची, पोरगीसाठी गेले. पोरगी ऐकत असंल. तिला वाटलं, तिच्यापायीच झालं समदं."

ते बोलावणं कोणी धाडलं होतं? शाळेतून म्हणजे बाईंनीच. कोणाकोणाच्या घरी गेलं ते त्यांना आठवत नव्हतं. दरवर्षीच ती बोलावणी जात. कोण गेलं, कोण नाही, गेल्यावर काय झालं, हे विचारायला कधी सवड झाली नव्हती.

"औषध दिलं होतं का तेव्हा?"

"दिलत्या गोळ्या. संपल्यावर परत या म्हणाले. परत कवा जाणार?"

खोलीच्या आत स्टोव्हवर काहीतरी उतू गेलं. अनुसया धावली. बाई बादलीवर बसून राहिल्या. उठायला हवं होतं, शेवटून दुसरी बस निघून जायची, पण पाय उठत नव्हते. राणी भिंतीपासून थोडी पुढे सरकली.

"बाई, महादेव दुकानवाल्याला सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"मी कुठं ठेवलं होतं सांगू? नळाजवळच्या दगडाखाली. गंजू नये म्हणून पिशवीत घातलं होतं."

बाईंना हसू आलं, आणि इतक्या दमल्या असूनही त्यांनी ते आवरलं नाही. अनुसया बाहेर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू कामावर जा. हिला मी नेते केंद्रात."

घरी येऊन शिवदासला सांगितलं तर तो वैतागला. "आणि कोणाची कोणाची चेडवां दवाखान्यात व्हरतलंस तू?"

"एकूच," बाई म्हणाल्या आणि जेवायच्या आधीच आडव्या झाल्या.

प्रमोद मास्तर याद्यांच्या कामातून एक दिवस सुटले त्या दिवशी बाईंनी शाळा त्यांच्यावर सोपवली आणि राणीला घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या. रांग दारापर्यंत आली होती. बाकावर जागा मिळाली ती एकीलाच. राणी उभी राहते म्हणाली, पण थोड्या वेळाने बाईंच्या मांडीवर कलली आणि झोपली. तिची वेणी बाईंच्या हाताला घासत होती. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. बाई ते बघत बसल्या आणि कधीतरी त्यांचाही डोळा लागला.

नाव पुकारलं तेव्हा दोघी दचकून उठल्या. आत काटा होता. त्याच्यावर चढण्याआधी राणीने आपणहून फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून तिथल्या माणसाला दाखवले. त्याला काही कळलं नाही. "चढ गो," तो म्हणाला. बाईंनी तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली, पोट दाबलं. "रक्त कमी आहे, जंत आहेत. गंभीर नाही, पण गोळ्या मध्ये सोडायच्या नाहीत. सकाळी काय खातेस?"

"चहा."

"चहाबरोबर?"

राणीने बाईंकडे बघितलं. "शाळेत पावभाजी असते," ती म्हणाली.

"आणि शाळा नसेल त्या दिवशी?"

याचं उत्तर आलं ते दारातून. "करते मी, डॉक्टर, भाकरी करून ठेवते. ही एकटी खाईत न्हाई, तशीच झाकून ठेवती." अनुसया दारात उभी होती, कारखान्याची निळी टोपी अजून डोक्यावर. धापा टाकत होती.

"तू कशाला आलीस?" बाई म्हणाल्या. "मी होते ना!"

"तुमी होता. पर ऱ्हावलं न्हाई. मशीनवर बसले आणि हातच चालंना. शेजारणीला माझ्या जागी बसवून आले." तिने टोपी काढली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरणीने सगळं पुन्हा पहिल्यापासून आईला सांगितलं. गोळ्या कधी, पालेभाजी कुठली, परत कधी यायचं. अनुसया प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

व्हायचं ते झालंच. ठेकेदाराने अनुसयाला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं. ती थेट शाळेत आली आणि व्हरांड्यात बसून राहिली. रडली नाही. बाईंनी तिला चहा दिला. आपण काही करू शकू असं त्यांना वाटत नव्हतं, तरी सुटीत त्या छत्री घेऊन उतरल्या आणि कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन ठेकेदाराला भेटल्या. तो पोरगेलासा माणूस. त्याने बाईंना आत बोलावलं नाही, पण ऐकून घेतलं. "टीचर, मला माल वेळेवर लागतो," तो म्हणाला. "रोज कोणाचं तरी पोर आजारी असतं."

"असतंच," बाई म्हणाल्या. "पोरं आजारी पडतातच. तिने आपल्या जागी माणूस बसवून दिलं होतं ना? काम थांबलं का तुमचं?"

तो फाटकाच्या आत वळला. बाई पुन्हा चढण चढून आल्या आणि चौथीचा इतिहास घेतला. चतुर्थीची सुटी संपली आणि दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली तेव्हा हात कमी पडू लागले, आणि अनुसयाला परत बोलावणं आलं. बाईंच्या बोलण्याने की घाईने, ते कधी कळलं नाही.

गोळ्या बाईच देत. अनुसयाची पाळी बदलती, म्हणून औषधाची पुडी शाळेच्या कपाटात असे. भाकरीही राणी आता शाळेत घेऊन येई आणि पहिल्या तासाला, बाईंची परवानगी घेऊन, मागे बसून खाई. एकटीला जात नव्हती ती चाळीस आवाजांत गेली. विमला पुन्हा आली तेव्हा वजन वाढलेलं होतं. फार नाही, पण खरं.

बापाचं बांधकाम मार्चात संपलं. परीक्षेपर्यंत थांबा असं बाईंनी सांगून पाहिलं, पण गावाकडे केरबाला दुसरं काम मिळत होतं आणि ते थांबणारं नव्हतं. अनुसया दाखला न्यायला आली ती दुपारची. राणी बरोबर नव्हती, ती खोलीवर भांडी बांधत होती.

"गावात दवाखाना हाय," अनुसया म्हणाली. "आता जाते मी तिला घेऊन. आधी भ्यायचे."

"राहिलेल्या गोळ्या देते बांधून," बाई म्हणाल्या. कपाटातून पुडी काढून त्यांनी ती कागदात बांधली, वर सकाळ असं लिहिलं. अनुसयाला वाचता येत नव्हतं, मग त्यांनी ते तोंडानेही सांगितलं. अनुसया वाकून पाया पडायला लागली तशा बाई मागे सरल्या.

"असं नको करू. जा, उन्ह आहे, सावकाश उतर."

ती गेली. तिसरीच्या रांगेत एक जागा रिकामी झाली. सतीशने लगेच आपलं दप्तर तिथे सरकवलं. दुपारचा उकाडा होता, पंखा वीज नसल्याने बंद. बाईंनी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि टेबलावर कोपर टेकून बसल्या. मुलं सुरात म्हणत होती. सातच्या पाढ्यात कोणीतरी चुकलं, बाकीचे त्याच्यामागून चुकले, आणि बाईंनी डोळे न उघडताच तो पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितला.